अक्कांचे पान

पत्राचा सारांश: मराठवाड्यातील एका विद्यापीठात एम. ए. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचे हे पत्र आहे. स्त्री-इतिहासाच्या प्रकल्पासाठी मॅडमनी वर्गातल्या प्रत्येकाला एका दुर्लक्षित स्त्रीविषयी मराठी विकिपीडियावर लेख लिहायला सांगितला. या विद्यार्थिनीने आपल्या आजोबांच्या बहिणीवर लेख लिहिला. गाव त्यांना अक्का म्हणत असे. रझाकारांच्या काळात त्यांनी निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात भाकरी आणि चिठ्ठ्या पोचवल्या, पुढे चाळीसेक वर्षे गावात सुईणपण केले, आणि दहा वर्षांपूर्वी त्या वारल्या. त्यांच्याबरोबर कॅम्पात जाणारी, तेव्हा दहा-अकरा वर्षांची असलेली शेजारीण अजून हयात आहे. लेख चढवल्यावर वडिलांनी मोठ्या अभिमानाने त्याची लिंक भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तिसऱ्या दिवशी पानावर 'संदर्भ नाहीत, उल्लेखनीयता सिद्ध होत नाही' अशी सूचना लागली आणि आठवड्याभरात पान काढले गेले. भावकीत चेष्टा झाली. एक वर्गमित्र सुचवतो आहे, की तालुक्याच्या वार्ताहराकडून अक्कांवर बातमी छापून आणू, तिचाच संदर्भ देऊ आणि दुसऱ्या नावाने खाते उघडून लेख परत चढवू. मॅडम म्हणतात, वेळ कमी आहे, एखादी प्रसिद्ध बाई घे. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे: "अक्का सासरी नांदल्या नव्हत्या. वडील नको म्हणाले म्हणून ते मी लेखात घातले नाही." विद्यार्थिनीचा प्रश्न असा: "ज्यांच्याविषयी कोणीच लिहिले नाही त्यांच्यासाठीच हा प्रकल्प होता. मग पुरावा आणायचा कुठून? आमच्या अक्कांची लायकी नाही असे ठरवणारे हे लोक कोण? मी भांडू की सोडून देऊ?"

उत्तर:

वार्ताहराकडे जाऊ नका. बाकीचे सावकाश बोलता येईल, पण तुमचा मित्र कदाचित याच आठवड्यात ती बातमी छापून आणील, म्हणून हे आधी सांगते. विकिपीडियावर प्रत्येक पानाचा इतिहास तारीख-वेळेसकट जपलेला असतो, आणि काढून टाकलेले पानही प्रचालकांना, म्हणजे पाने काढण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांना, पाहता येते. आधी लेख, मग त्यातलीच वाक्ये उचललेली बातमी, आणि मग त्या बातमीच्या आधाराने नव्या खात्यावरून पुन्हा तोच लेख, ही साखळी ओळखायला जाणत्या संपादकाला पाच मिनिटे पुरतात. त्यानंतर तुमची दोन्ही खाती बंद होण्याची पाळी येईल आणि तुमच्या वर्गातल्या इतरांच्या लेखांकडेही संशयाने पाहिले जाईल. मला मात्र याहून मोठी काळजी अक्कांचीच वाटते. आज त्यांच्याविषयी जे आहे ते माणसांच्या आठवणीत आहे आणि बरेचसे खरे असावे. त्यात एक बनवून घेतलेली बातमी मिसळली, की पुढे कोणी अभ्यासक आलाच तर त्याला खऱ्या आठवणींवरही विश्वास ठेवणे अवघड होईल, आणि त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

आता पान का निघाले ते पाहू. येथे थोडा घोटाळा शब्दानेच केला आहे असे मला वाटते. 'उल्लेखनीय' हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात 'कौतुक करण्याजोगा' या अर्थाने वापरतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात उल्लेखनीय कामगिरीची बक्षिसे असतात. त्यामुळे उल्लेखनीयता सिद्ध होत नाही असे वाचले की कोणालाही तो माणसाच्या मोलावरचा शेरा वाटणार. ज्ञानकोशात तो शब्द फार कोरडा आहे. या व्यक्तीशी नातेसंबंध किंवा हितसंबंध नसलेल्या कोणी, इतरांना तपासून पाहता येईल अशा ठिकाणी, तिच्याविषयी दोन ओळींहून जास्त काही लिहिले आहे का, एवढाच तो प्रश्न आहे. अक्का मोठ्या होत्या की नाहीत, हे ज्याने पान काढले त्याने ठरवलेले नाही. त्याला ते ठरवण्याचा अधिकारच नाही.

हा नियम कोणाच्या आडमुठेपणातून आलेला नाही, हेही समजून घ्यावे. १९२० च्या दशकात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला किंवा १९७६ पासून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे खंड येऊ लागले, तेव्हा लेखाच्या खरेपणाची हमी संपादकाच्या आणि निवडलेल्या तज्ज्ञांच्या नावावर होती. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि तेथे तुम्हीही लिहू शकता आणि तुमच्या भावकीत चेष्टा करणारे काकाही लिहू शकतात. लिहिणारा कोण हे वाचकाला ठाऊक नसते, म्हणून त्याने विश्वास ठेवायचा तो वाक्याखालच्या संदर्भावर. संदर्भाची अट काढून टाकली तर उद्या त्याच पानावर कोणीही अक्कांविषयी वाटेल ते लिहील, आणि ते खोडायला तुमच्या हातात काही उरणार नाही.

एवढे म्हटल्यावर, तुमच्या रागातले खरे तेही मान्य करायला हवे. छापील जग स्त्रियांच्या बाबतीत पहिल्यापासून कलते आहे, आणि छापील जगावर उभा राहणारा ज्ञानकोश तो कल जसाच्या तसा घेतो. इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रलेखांत २०१५ च्या सुमारास स्त्रियांचे लेख शेकडा पंधरा-सोळा होते. त्याच वर्षी 'विमेन इन रेड' हा उपक्रम सुरू झाला (ज्या नावाचे पान नाही त्याचा दुवा लाल दिसतो, त्यावरून हे नाव), आणि जगभरातल्या लोकांनी इतकी वर्षे खपूनही तो आकडा आज विसाच्या आसपासच आहे. डॉना स्ट्रिकलंड यांचे उदाहरण तुमच्या मॅडमनी वर्गात दिले असेलच. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा त्यांच्यावर पान नव्हते. कोणीतरी लिहिलेला मसुदा त्याच वर्षी मे महिन्यात स्वतंत्र संदर्भ अपुरे म्हणून नाकारला गेला होता. नाकारणाऱ्याने नियम पाळला होता. ज्या जगाने त्या बाईंविषयी तोवर पुरेसे लिहिलेच नव्हते त्याचा दोष मात्र त्या नियमातून सरळ ज्ञानकोशात उतरला.

आपल्याकडे हा दोष कसा उतरतो ते मी एका स्मरणिकेत पाहिले आहे. मुक्तिसंग्रामाच्या कुठल्याशा वर्धापनानिमित्त एका गावाने काढलेली ती पातळ पुस्तिका एका वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात बांधलेली होती. त्यात सत्याग्रहींची यादी होती, वडिलांच्या नावासकट, कोण किती महिने तुरुंगात होता त्यासकट. यादी संपल्यावर एक ओळ होती: "या कार्यात गावातील माता-भगिनींचेही मोलाचे सहकार्य लाभले." त्या ओळीखाली अर्धे पान कोरे होते. छापखान्याला कागद कमी पडला म्हणून नावे गाळली, असे म्हणायलाही जागा नव्हती.

तेव्हा पुरावा कुठून आणायचा हा तुमचा प्रश्न योग्यच आहे. मला शंका आहे ती त्याच्या आधीच्या वाक्याविषयी. 'ज्यांच्याविषयी कोणीच लिहिले नाही त्यांच्यासाठी हा प्रकल्प' असे तुम्ही धरून चालला आहात. दुर्लक्ष दोन तऱ्हेचे असते. एका तऱ्हेत त्या स्त्रीविषयी लिहिलेले असते, पण ते गौरवग्रंथात, जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये, जुन्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत, कोणाच्या तरी पीएच. डी. च्या प्रबंधात असे विखुरलेले असते आणि एकत्र कोणी आणत नाही. दुसऱ्या तऱ्हेत लिहिलेलेच नसते. पहिल्या तऱ्हेचे दुर्लक्ष ज्ञानकोश दूर करू शकतो आणि तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना दोन-तीन महिन्यांत ते चांगले करता येते. दुसऱ्या तऱ्हेपुढे त्याचे काही चालत नाही, कारण तेथे आधी कोणीतरी पहिल्यांदा लिहावे लागते, आणि ते काम ज्ञानकोशाचे नाही, इतिहासकाराचे आहे. अक्का दुसऱ्या तऱ्हेत मोडतात. तुम्ही त्यांना चुकीच्या दारात नेऊन उभे केलेत, एवढेच झाले आहे.

योग्य दाराचे उदाहरण मराठीतच आहे. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांविषयी फारसे छापलेले नव्हते, तेव्हा ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून त्या स्त्रियांच्या घरी गेल्या, मुलाखती घेतल्या, आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. आज त्यातल्या एखाद्या स्त्रीविषयी कोणाला ज्ञानकोशात लिहायचे असेल तर पायाखाली जमीन आहे. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून लाखाहून जास्त ओव्या टिपल्या गेल्या, त्यांत आपल्या माजलगावच्याही आहेत, आणि ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. 'एक अनाम स्त्री' असे लिहून कोणी मोकळे झाले नाही.

नावावरून आठवले. तुमच्या लेखाचे शीर्षक 'अक्का' आणि पुढे गावाचे नाव असे होते. अक्का हे हाकेचे नाव आहे. पत्रातही त्यांचे दुसरे नाव कोठे आलेले नाही. त्यांचे पाळण्यातले नाव काय होते, आणि लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने कोणते नाव लिहिले गेले? आपल्याकडच्या स्त्रियांचा शोध घेताना सगळ्यात मोठी अडचण हीच येते, की एकच बाई माहेरच्या नावाने, सासरच्या नावाने, 'अमक्याची बायको' म्हणून आणि काकू-अक्का-मावशी म्हणून अशी चार ठिकाणी असते, आणि त्या चार नोंदी एकाच बाईच्या आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही. कदाचित अक्का एखाद्या कागदावर आहेतही. तुम्ही अजून त्यांना त्यांच्या नावाने शोधलेलेच नाही.

आता तुम्ही शेवटी लिहिलेल्या त्या एका ओळीकडे येते. वडिलांना दोष देण्याचा माझा विचार नाही. घरातल्या बाईचे 'न नांदणे' चारचौघांत येऊ नये असे वाटणे आपल्या भागात काही जगावेगळे नाही, आणि सासरचे घराणेही हयात असेल, त्यांनाही आपली बाजू असेल. पण अभ्यासक म्हणून थोडा विचार करा. अक्का सासरी असत्या तर त्या वर्षी तुमच्या गावात नसत्या. भाकरीचे टोपले घेऊन रानावनातून जायला त्यांना मोकळीक मिळाली, पुढे रात्री-अपरात्री कोणाच्याही घरी बाळंतपणाला जाता आले, हे सगळे त्या एका गोष्टीशी बांधलेले आहे. ती गाळली की उरलेले चरित्र हवेत तरंगते. जगाने अक्कांकडे दुर्लक्ष केले असे तुम्ही म्हणता ते खरेच आहे, पण त्यांच्याविषयीच्या पहिल्याच लेखातून त्यांच्या आयुष्यातली बहुधा सगळ्यात मोठी घटना घरानेच गाळली, हेही त्याच दुर्लक्षाचा भाग नाही का? ती जगजाहीर करा असे मी म्हणत नाही. विकिपीडियासारख्या सार्वजनिक जागी तर घरच्यांच्या मर्जीविरुद्ध मुळीच लिहू नका, आणि कोठेही लिहिताना नवऱ्याचे नाव देण्याची गरज नाही. पण टिपून ठेवा. आणि सवड मिळाली तर वडिलांना विचारा, की अक्कांचे नाव घरच्या सातबाऱ्यावर कधी लागले होते का. हा प्रश्न प्रकल्पासाठी नाही.

आता कामाचे सांगते. एक काम मॅडमच्या प्रकल्पाचे आणि दुसरे अक्कांचे. ती वेगळी ठेवा.

प्रकल्पासाठी आधी तुमचा मजकूर परत मिळवा. ज्या प्रचालकाने पान काढले त्याच्या चर्चापानावर जाऊन, वाद न घालता, मजकूर तुमच्या सदस्यपानाखालच्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) हलवून द्यावा अशी विनंती करा. अशी विनंती सहसा मान्य होते. सोबत एक गोष्ट कबूल करून टाका, की ही व्यक्ती माझ्या घरातली आहे. आपल्या नातेवाइकांवर लिहू नये, लिहिलेच तर नाते जाहीर करावे, असा संकेत आहे, आणि तो तुम्हाला बहुधा कोणी सांगितलेला नव्हता. वर्गाला थेट पाने चढवायला लावण्याआधी धूळपाटीवर महिनाभर सराव करून घ्यायला हवा होता, असे माझे मत आहे. मॅडमना ते सांगायचे की नाही, हे तुम्ही ठरवा.

दुसरी व्यक्ती निवडताना 'प्रसिद्ध' हा निकष मला पटत नाही. गंगाखेडच्या जनाबाईंवर किंवा शिऊरच्या बहिणाबाईंवर लिहिणाऱ्यांची वाण नाही. ज्यांच्याविषयी निदान तीन ठिकाणी, तीन वेगळ्या लोकांनी लिहिले आहे, पण ते एकत्र नाही, अशी स्त्री शोधा. जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके, भूम तालुक्यातल्या ईटच्या गोदावरीबाई टेके ही नावे मुक्तिसंग्रामावरच्या लेखनात येतात. माहलका बाई चंदा १७६८ मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत जन्मल्या आणि हैदराबादेत उर्दू कवयित्री म्हणून नावाजल्या. त्यांच्यावर उर्दूत आणि इंग्रजीत बरेच आहे, पण त्या मराठवाड्याच्या लेकी आहेत हे येथे कितीजणांना ठाऊक असेल? आधी मात्र पान आहे का ते सगळ्या नावांनी शोधा. असले तर नवे काढू नका, आहे ते सुधारा. खरे तर नवे पान काढण्यापेक्षा हे काम मला जास्त मोलाचे वाटते. तालुक्यांची, गावांची, मुक्तिसंग्रामाची पाने उघडून पाहा. 'प्रमुख व्यक्ती' या मथळ्याखाली सगळे पुरुषच असतील, तर तेथे संदर्भासह घातलेले एक वाक्य, एका स्त्रीच्या नावाचे, सहसा कोणी काढत नाही आणि ते वाचलेही जाते. वर्गात सगळ्यांना पान हवे असते, वाक्य कोणालाच नको असते.

साधने शोधायला छत्रपती संभाजीनगरला जाता आले तर स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था आणि जीवन विकास ग्रंथालय येथे दोन दिवस काढा. अनंत भालेरावांच्या 'मराठवाडा' दैनिकाच्या जुन्या फायली कोठे पाहायला मिळतील याची चौकशी तेथेच करा. मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान' नियतकालिकाचे जुने अंक मोठ्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असतात. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, घरबसल्या मिळतात. गौरवग्रंथ जपून वापरा. जन्मसाल, गाव, पदे यांसाठी ते ठीक आहेत, पण गौरव करण्यासाठीच काढलेल्या पुस्तकातले मत तटस्थ धरता येत नाही. वाढदिवसाच्या पुरवण्यांना तर हातही लावू नका. त्या जाहिराती असतात. आणि सापडलेला मजकूर आपल्या शब्दांत लिहा. मूळ लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत प्रताधिकार असतो, त्यामुळे विश्वकोशातला किंवा पुस्तकातला उतारा जसाच्या तसा चिकटवला तर पान त्याही कारणाने निघते. छायाचित्रांचेही तेच, घरच्या भिंतीवरचा स्टुडिओत काढलेला फोटो आपलाच असे आपण समजतो, पण त्याचा हक्क वेगळ्याचा असू शकतो.

भाषेविषयी एकच दाखवते. तुमच्या लेखातले वाक्य असे होते: "जिवाची पर्वा न करता या रणरागिणीने रझाकारांच्या डोळ्यांत धूळ फेकून आपल्या शूर सैनिकांना घासातला घास दिला." ते असे लिहिले असते तर काय बिघडले असते पाहा: "१९४८ च्या उन्हाळ्यात त्या आठवड्यातून दोनदा गावातून कॅम्पात भाकरी आणि चिठ्ठ्या नेत असत, असे त्यांच्याबरोबर जाणाऱ्या शेजारणीने सांगितले." पहिल्या वाक्यात अक्का दिसत नाहीत, कारण ते कोणत्याही बाईविषयी लिहिता येते. दुसऱ्यात उन्हाळा आहे, आठवड्यातले दोन दिवस आहेत, आणि सांगणारी कोण तेही आहे. आदरार्थी बहुवचन सोडायची गरज नाही. विशेषणे तेवढी सोडा.

अक्कांच्या कामाला मुदत नाही, पण घाई आहे, कारण ती शेजारीण आज सत्त्याऐंशीच्या पुढे असणार. या मुलाखतीतून तुम्हाला ज्ञानकोशाचा लेख मिळणार नाही, कारण तेथे स्वतःचे मूळ संशोधन चालत नाही. पण पुढच्या वर्षीच्या लघुप्रबंधाचा विषय मिळेल, आणि तो एखाद्या संशोधनपत्रिकेत किंवा संपादित ग्रंथात छापला गेला, तर कधीतरी तुमच्याशी नाते नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला अक्कांवर लिहिता येईल. गावात अक्कांसारख्या आणखी दोघी-तिघी निघाल्या तर फारच चांगले. एकटीचे चरित्र आणि गावाचा इतिहास यांत छापणाऱ्याला दुसरे बरे वाटते.

विचारताना साल विचारू नका, ते कोणालाच सांगता येत नाही. 'पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर', 'बाहत्तरच्या दुष्काळात अक्का कोठे होत्या', 'किल्लारीच्या भूकंपावेळी हिंडत्या-फिरत्या होत्या का' असे विचारले की उत्तरे येतात, आणि पोलीस ॲक्शन (हैदराबाद संस्थानावरची भारताची लष्करी कारवाई) १३ ते १७ सप्टेंबर १९४८, भूकंप ३० सप्टेंबर १९९३, असे धागे तुम्हाला मागून जोडता येतात. त्यागाविषयी विचारू नका. भाकरी ज्वारीच्या की बाजरीच्या, कशात बांधलेल्या, नदी कोठे ओलांडायची, चिठ्ठी भाकरीच्या चवडीत असे की चोळीत, वाटेत कोणी अडवले तर काय सांगायचे ठरले होते, हे विचारा. सुईणपणाचेही तसेच: नाळ कशाने कापत, बाळंतिणीच्या घरून खण-नारळ मिळे की पायलीभर ज्वारी, कोणत्या आळीत जात आणि कोणत्या आळीत जात नसत. शेवटचे उत्तर ऐकायला अवघड गेले तरी टिपा. ऐकीव आणि डोळ्यांनी पाहिलेले वेगळे नोंदवा. गावातल्या ज्या पुरुषांना स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन मिळाले त्यांच्या घरी अर्जाच्या नकला असतील तर त्या पाहायला मागा. त्यांत साक्षीदारांची निवेदने असतात आणि निवेदनांत कधीकधी बायका सापडतात. निजामी कागद उर्दूत असतील आणि त्यांवर फसली सन, म्हणजे महसुली कामकाजाचे साल, असेल. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १३५७ फसली हे आपले १९४७-४८.

भावकीच्या ग्रुपवर मात्र खुलासे देत बसू नका. वडिलांना जवळ बसवून एवढे सांगा, की पान निघाले ते आपण घाईने लिहिले म्हणून, आणि आता अक्कांवर नीट काम करायचे आहे, त्यासाठी मला तुमची मदत हवी आहे. शेजारणीच्या घरी तुम्हाला घेऊन जायला दुसरे कोण येणार आहे?

जायचे ते दुपारची झोप झाल्यावर, चारच्या सुमारास जा. पहिल्या दिवशी फोन बाहेर काढू नका, नुसता चहा घेऊन या. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग करू का ते विचारा, आणि त्या हो म्हणाल्या तर ते 'हो' सुद्धा रेकॉर्ड करा. सून शेजारी बसेल आणि उत्तरे तीच देऊ लागेल; तिची मुलाखत नंतर वेगळी घेते असे सांगा आणि खरोखरच घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटते. पंखा बंद करायला सांगा. तारीख, गाव आणि समोर कोण आहे ते आधी तुमच्या आवाजात बोला, आणि मग पहिला प्रश्न अक्कांच्या पाळण्यातल्या नावाचा विचारा.